दुसरं खातं

“आणि हे दुसरं खातं?” भत्त्याच्या कचेरीत काउंटरपलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

“दुसरं? माझं एकच खातं आहे, मॅडम.”

“दोन आहेत. हे बहिणीबरोबरचं जॉइंट खातं. शिल्लक सव्वाचार लाख.”

त्याला हसूच आलं. आयुष्यभर त्यानं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि सहा वर्षांपूर्वी ताईला सांभाळायला म्हणून नोकरीवर पाणी सोडलं होतं. तेव्हापासून घर तिच्या पेन्शनवर कसंबसं चाललं होतं. सव्वाचार लाख! नावात काहीतरी घोळ झाला असणार.

बाईंनी कागद त्याच्याकडे फिरवला. खाली सही त्याचीच होती. ताईनं कधीतरी “इथे कर, आता इथे” म्हणत चार कागदांवर सह्या घेतल्या होत्या, त्यातलीच एक.

“मर्यादा दोन लाखांची आहे,” बाई म्हणाल्या. “त्यावर बचत असली तर अपंगत्वाचा भत्ता बसत नाही. आणि अजून एक. डॉक्टरांनी लिहिलंय, तुमचं हृदय कमजोर आहे, पाच किलोच्या वर उचलायचं नाही. तुम्ही लिहिलंय, बहिणीला दिवसातून सात वेळा उचलतो. यातलं एक खोडावं लागेल.”

“मग तिला उचलणार कोण, मॅडम?”

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि अर्ज त्याच्याकडे परत सरकवला.

घरी पोचेपर्यंत तो तीनदा थांबला. जिन्यात धाप लागली म्हणून एकदा, आणि दोनदा नुसताच.

ताई चाकांच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. टेलिफोन ऑफिसात पाळ्या करून तिनं त्याला वाढवलं, आणि त्याच्या सत्तावन्नाव्या वर्षीही ती त्याला छोट्याच म्हणायची.

“काय म्हणाले रे, छोट्या?”

“सव्वाचार लाख म्हणाले.”

तिचे हात थांबले. “कळलं म्हणायचं.”

“कळलं? अगं, मी तीन महिने गोळ्या अर्ध्या करून खातोय! पैसे पुरत नाहीत म्हणून! आणि तू तिकडे…”

ताईच्या मांडीवरची परात कलंडली, वाटाणे घरभर झाले. तिचं लक्षच नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“अर्ध्या?” ती कशीबशी म्हणाली. “हृदयाच्या गोळ्या?”

“मग कुठल्या?”

“मला सांगितलं नाहीस?”

“तू सांगितलंस?”

मग तिनं डोळे पुसले आणि ऑफिसात नंबर जोडून द्यायची तशा कोरड्या आवाजात बोलायला लागली.

“गावाबाहेर शुश्रूषागृह आहे. पहिल्या मजल्यावर, उजेडाची खोली. प्रवेशाला चार लाख लागतात, पुढे महिन्याला पेन्शन पुरते. पाच वर्षांपूर्वी तुला जिन्यात धाप लागलेली मला ऐकू आली, त्या दिवसापासून पेन्शनमधले बाजूला काढून साठवतेय. मी आधी गेले तर पैसे तुला मिळावेत म्हणून तुझं नाव घातलं. एक तारखेला खाट रिकामी होतेय.”

“कोणासाठी?” त्यानं विचारलं. कळूनसवरून विचारलं.

“पैसे भरले की खातं जवळजवळ रिकामं. मला कोणी उचलायचं हा प्रश्नही मिटला. मग तुझा अर्ज पुन्हा टाक, भत्ता बसेल. मी फोन करून सगळं विचारून घेतलंय.”

“मी जाऊ देणार नाही.”

“तू जाऊ नको देऊस. मी जातेय.”

तो खाली बसला. या घरात आपण तिला सांभाळतोय, असं तो सहा वर्षं धरून चालला होता. हाताला लागतील तसे तो वाटाणे वेचत राहिला. तिनं परात पुढे केली.

संध्याकाळी तिला पलंगावर घ्यायची वेळ झाली. तो सवयीनं वाकला, एक हात तिच्या गुडघ्यांखाली घातला. ताईनं मात्र नेहमीसारखे त्याच्या गळ्यात हात टाकले नाहीत.

“शेजारच्यांना हाक मार,” ती म्हणाली.

“आजच्या दिवस तरी, ताई.”

“आजपासूनच.”

शेजारी बसचालक राहत होता. धिप्पाड गडी, ओले हात पँटला पुसतच आला आणि खुर्चीपुढे अवघडून उभा राहिला. “कसं धरू?”

“एक हात गुडघ्यांखाली. दुसरा पाठीमागून, काखेपर्यंत,” तो सांगू लागला. “आणि आधी तिला सांगायचं. मग उचलायचं.”

“उचलतो हं, ताई.”

ताईनं डोळे मिटून परक्या माणसाच्या गळ्यात हात टाकले. शेजाऱ्यानं तिला पिसासारखं उचललं. खुर्चीचे ब्रेक लावलेले होते, ती हलणार नव्हती. तरी तो मागे उभा राहून दोन्ही हातांनी ती घट्ट धरून होता.