घरच्या माणसाला काय विचारायचं!

"आ कर दादा, अजून मोठा," सिस्टर म्हणाली आणि तिने टॉर्चचा उजेड भावाच्या तोंडात टाकला. खालच्या दाढेच्या जागी खड्डा होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

"कधी काढलीस?"

"मागच्या सलाइनच्या आदल्या दिवशी. ठणका थांबेना गं. सांगायचं असतं हे मला काय ठाऊक?"

दादा शिंपी. त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ठाऊक होतं ते सिस्टरला. केमोच्या खोलीत तिचा दरारा होता आणि नव्या पेशंटला औषध समजावून सांगावं तर तिनेच. "ही गाठ भारी आतल्या गाठीची," ती म्हणायची. "रक्तासाठी आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना सांगावे धाडते. त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात, कानच म्हणा. सांगावा ऐकला की नव्या वाहिन्या फुटतात, गाठ पोसते आणि त्याच वाटेने तिची पिल्लं यकृतात, फुफ्फुसात जाऊन बसतात. हे औषध ते कान बुजवतं." पण जखम भरायलाही नव्या वाहिन्याच लागतात. म्हणून सुई लावण्याआधी ती प्रत्येकाला दरडावून विचारायची, दात काढला का, कुठे कापलं का, टाके पडले का?

दादाला तिने विचारलं नव्हतं. त्याला रांगेत न बसवता मागच्या दाराने आत घेतलं, खिडकीजवळची खुर्ची दिली आणि लगेच सलाइन लावलं. घरच्या माणसाला काय विचारायचं! त्याचा गाल सुजला होता, तोंडाशी रुमाल होता आणि ही आपली भाचीच्या नोकरीच्या गप्पा मारत बसली होती.

मोठ्या डॉक्टर आल्या. त्यांनी जखम पाहिली. "हे भरेपर्यंत औषध बंद ठेवावं लागेल."

"आणि तोवर गाठ?" दादाने विचारलं.

"बघू या," एवढंच म्हणून त्या वळल्या. "सिस्टर, सलाइनआधी विचारलं होतं ना?"

ती तोंड उघडणार एवढ्यात दादा म्हणाला, "विचारलं होतं की. मीच खोटं बोललो. म्हटलं, डोस चुकायला नको."

"काका, असं करू नये हो. आमच्या सिस्टर जीव तोडून विचारतात, ते तुमच्याच भल्यासाठी ना?"

"चुकलं माझं," दादा मान खाली घालून म्हणाला. गिऱ्हाइकाच्या कापडाचा उरलेला तुकडाही परत करणारा हा माणूस.

सिस्टरला बोलायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण आजूबाजूच्या खुर्च्यांतले पेशंट ऐकत होते, नोकरी डोळ्यांसमोर आली, आणि ती गप्प राहिली. लाजेने तिचा चेहरा तापला. डॉक्टर पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

"जाऊ दे गं," दादा हळूच म्हणाला. "माझं काय, बोलल्या तर बोलल्या. तुला इथे रोज यायचंय."

तिने कापसाचा बोळा पुढे केला. त्याने तो दाताखाली धरला आणि तिला बरं वाटावं म्हणून तोंड मिटूनच हसला. तिला त्याच्याकडे बघवेना.