पत्र्याचा कोपरा

केसोरच्या समोरच्या पडद्यावर तोन्ले साप तळं काळंकुट्ट पसरलं होतं, आणि त्या काळ्यात तिला एक पांढरा ठिपका हवा होता. पाऊस लागल्यापासून ती तो शोधत होती. नॉम पेन्हच्या ऑफिसात तिचं काम पुराचे नकाशे करायचं. पण उपग्रहाचं नवं चित्र आलं की पूर राहायचा बाजूला, आधी ठिपका.

"दिसला?" शेजारच्या टेबलावरून दारितने विचारलं.

"नाही."

"झाडीत शिरले असतील. पाण्यात उभी खोडं सगळी उजळच दिसतात, त्यात कुठे सापडायचा ठिपका?"

"झाडीत नाही शिरायचे ते. जाळं अडकतं."

"मग म्हातारा हट्टी आहे तुझा."

"तुझ्या बापाबद्दल बोल," केसोर म्हणाली.

म्हातारा म्हणजे तिचे वडील, न्हेम. तळ्यावरच्या तरंगत्या घरात जन्मले, तिथेच पिकले. आई गेल्यावर केसोरने धोशा लावला, शहरात माझ्याकडे चला. न्हेम म्हणाले, न हलणाऱ्या जमिनीवर मला झोप येत नाही. शब्दाने शब्द वाढत गेला आणि ती बोलू नये ते बोलून बसली. "आईला दवाखान्यात न्यायला उशीर झाला तो या पाण्यामुळेच. बसा त्याला कवटाळून." न्हेमनी त्यानंतर तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. यंदा पाणी चढून तरंगतं गाव हललं की गावाबरोबर जाणार नाही, घर घेऊन एकटाच लांब जाईन, एवढंच ते शेजाऱ्यांना सांगत होते. आणि तिकडे लांब फोन लागत नाही.

तळ्यावरून शहरात परत निघायच्या दिवशी तिचा पाय निघेना. तिने तीन पत्रे जोडून कोपरा केला, खोलीचा असतो तसा, आणि बांबूला ठोकला.

"पुक," बापाला ती अशीच हाक मारायची, "आमचा उपग्रह वरून स्वतःच लहरी फेकतो आणि परत काय येतं ते बघतो. त्याला उजेड लागत नाही, ढगही आडवे येत नाहीत. सपाट पाण्यावरून लहर पलीकडे घसरून जाते, म्हणून तळं काळं दिसतं. पण अशा कोपऱ्यात शिरली की आपटत आपटत आली तिकडेच परत जाते. मला ठिपका दिसेल."

"छपराला पत्रा नाही, आणि आभाळाला दाखवायला आहे," न्हेम जाळ्याकडे बघत पुटपुटले.

"तुमचा राग गेला की छपरावर लावा. तोंड मावळतीकडे करा. ठिपका दिसला की मी येईन. तोवर त्रास द्यायला येणार नाही."

आता सांगा, असली अट कुणी बापाला घालतं? पण घालून बसली खरी, आणि त्यात स्वतःच अडकली. घरी जायला जीव तुटत होता, आणि पडदा काळाच्या काळा.

फ्चुम बेनचे, पितरांचे दिवस आले. आईच्या नावाचा भात घेऊन केसोर तळ्याकाठच्या देवळात गेली. तिथे न्हेमचे मासे विकणारी सारून मावशी भेटली.

"बापाचं तोंड न बघता आईला भात घालायला आलीस? शाबास."

"त्यांनी बोलावलं नाही, मावशी."

"बोलावलं नाही? अगं येडे, चल, बस होडीत."

बुडालेल्या झाडीच्या कडेला, उघड्या पाण्यावर न्हेमचं घर होतं. आणि छपरावर बांबूला तो कोपरा, घासून घासून लखलखीत केलेला. केसोर होडीतून घरात चढली.

न्हेम वाळले होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, "पाऊस लागला तेव्हाच लावलाय. वाऱ्यानं घर फिरतं, मग मी बांबू फिरवतो. रोज. तू काही आली नाहीस. म्हटलं, पोरीचा राग माझ्याहून मोठा."

केसोरने सूर्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. "पुक, तोंड मावळतीकडे करायला सांगितलं होतं. उपग्रह तिकडून बघतो."

"तिकडे काय आहे?" न्हेम खरंच बुचकळ्यात पडले. "बघणार तू होतीस ना? तू नॉम पेन्हला. म्हणून तुझ्याकडे केलं."

केसोर त्यांच्यासमोर फळ्यांवर बसली. "मला यायचं होतं, पुक. रोज यायचं होतं. मी बोलले ते चुकलं."

"हं," न्हेम म्हणाले. ते तिच्याजवळ टेकले. सारून मावशी होडीतच बसून मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली. बराच वेळ आईच्या गोष्टी निघाल्या, तिच्या आंबट रश्श्याच्या, तिच्या शिव्यांच्या.

वारा आला तसं घर हळूच वळलं. बोलता बोलता न्हेम उठले आणि बांबू नॉम पेन्हच्या दिशेला फिरवून आले. मग मधेच थबकले, वळून लेकीकडे बघितलं.

"आता कशाला फिरवला मी," ते म्हणाले, "तू तर इथेच आहेस."

आणि डोळे पुसत भात वाढायला आत गेले.