रॅम्पवरचा मोर

"सर, हा रॅम्प माणसांसाठी आहे की मोरासाठी?"

आरोहीनं विचारलं आणि मागे तिची मैत्रीण भाग्यश्री "आई गं!" म्हणून खांबाआड पळाली. विचारून दाखव, मिसळ माझ्याकडून, अशी पैज तिनंच लावली होती. वा रे शूर!

पंचवटीतल्या त्या शाळेचं 'आदर्श मतदान केंद्र' झालं होतं. म्हणजे काय, तर फुग्यांची कमान, सेल्फीची चौकट आणि व्हीलचेअरच्या रॅम्पवर खालपासून वरपर्यंत रांगोळीचा मोर. पर्यवेक्षक यादव सरांनी रॅम्पला दोरीच बांधली होती. मोठे साहेब बघून जाईपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही. आणि साहेब सकाळपासून 'निघालेत'!

"तू स्वयंसेवक आहेस ना? पाणी वाट," सर गुरकावले.

दोरीपाशी व्हीलचेअरवर भागुबाई बसल्या होत्या. देवळापाशी फुलं विकणाऱ्या.

"आजी, चार पोरं बोलावतो. खुर्चीसकट उचलून नेतील पायऱ्यांवरून," सर म्हणाले.

"मागल्या खेपेला आसंच उचाललं आन् आपटलं. चौघांनी उचलायची येळ यायचीय आजून माझी! न्यायचं तर सरळ न्या, नाय तर ही चालले घरी."

"साहेब येऊन जाऊ द्या, मग—"

"चल गं पोरी, फिरव खुर्ची. नाय द्यायचं मला मत."

आरोहीचं डोकंच सणकलं. या माणसाला एक बाई मत न देता परत गेलेली चालते, पण पिसारा विस्कटलेला चालत नाही!

"सर, मतदार यादीत मोराचं नाव आहे का?"

विचारता विचारताच तिनं दोरी सोडली. "आजी, घट्ट धरा."

"डोळ्यावरनं नको नेऊ गं, पाप लागंल."

"डोळा गेला, आजी. आता मान."

सर असे कळवळले, जणू त्यांच्याच मानेवरून चाक गेलं. वर दारातल्या मॅडमनी विचारलं, "बटण दाबायला कुणी हवंय का सोबत?"

"कशाला? बोट हाय की माझं," म्हणत भागुबाई आत गेल्या. आरोही नियमाप्रमाणे दाराबाहेर थांबली. त्या बाहेर आल्या तेव्हा शाईचं बोट झेंड्यासारखं उभं होतं. आणि खाली सर? रांगोळीचा डबा घेऊन मोराची मान नीट करत उकिडवे बसले होते! आरोहीनं खुर्ची त्यांच्या नाकासमोरून, उरलेल्या पिसाऱ्यावरून खाली आणली, चाकांना चिकटलेली रांगोळी हातांनीच पुसली आणि भागुबाईंना रिक्षात बसवून दिलं.

फाटकाबाहेर आईबाबा सकाळपासून... नाही, सकाळी झोपले होते; आत्ता एसी लावून गाडीत बसले होते. सुट्टी म्हणून इगतपुरीच्या रिसॉर्टचं बुकिंग होतं.

"बस पटकन," बाबा म्हणाले.

"मत दिलंत?"

"अगं, रांग बघ केवढी! आमच्या दोन मतांनी काय होतंय?"

"आणि ऊन किती आहे," आई म्हणाली. "शी! हात कसले रंगलेत तुझे? सीटला लावू नकोस."

"नाही लावत. बसतच नाहीये मी," आरोही म्हणाली. "ठरलंय माझं. तुमच्या दोघांच्या बोटांना शाई लागेपर्यंत मी इगतपुरीला येणार नाही. रांग तिकडे आहे."