डेल्फसभाऊंची थंड वाफ

"चढला! काटा चढला!"

प्रार्थनेच्या तंबूतली सगळी माणसं उठून उभी राहिली. टेबलावरच्या कॅनरखाली ना चूल, ना निखारा. तरी झाकणावरचा दाबाचा काटा थरथरत दहावर गेला होता. डेल्फसभाऊ प्रवचनकार डोळे मिटून उजवा पाय फळीवर दणादण आपटत होते. प्रार्थनेत पाय आपटले नाहीत तर आमच्या केंटकीच्या डोंगरात ती प्रार्थनाच नव्हे.

त्या काळी उन्हाळा म्हणजे फरसबी. शेंगा मोडून काचेच्या बरण्यांत भरायच्या, कॅनरमध्ये, म्हणजे त्या बोजड कुकरमध्ये, कोंडलेल्या वाफेवर शिजवायच्या आणि हिवाळाभर खायच्या.

"भगिनींनो, सरपण कशाला जाळता? जुना कॅनर माझ्या ट्रकात टाका, हा अभिषेक केलेला घेऊन जा!"

बऱ्याच बायकांचे कॅनर आधीच ट्रकात गेले होते. ओमाबाईंनीही आपला उचललासुद्धा.

"आई, थांबा," त्यांची सून वेल्मा म्हणाली. "आपल्या झाकणाचं फक्त रबर वाळलंय. नवं घातलं की वाफ गळणार नाही. आणि काटा तालुक्याच्या शेती कचेरीतल्या बाईंकडून तपासून घेऊ, दरवर्षीसारखा."

"गप गं! चर्चला कधी येत नाहीस, आणि म्हणे रबर!"

वेल्मा भाऊंच्या टेबलाशी गेली. नीट न शिजलेल्या शेंगांत विष तयार होतं, आणि त्याला वास नसतो, चव नसते. हिवाळ्यात त्याच बरण्यांतल्या शेंगा तिची पोरं खाणार होती. तिनं शिदोरीतला लोण्याचा गोळा काढला आणि सरळ झाकणावर ठेवला.

लोणी ढिम्म.

"दहाच्या दाबाला झाकणावर हात ठेववत नाही, भाऊ. हे लोणी का वितळत नाही?"

"श्रद्धेची वाफ थंड असते, भगिनी!"

"असं? मग जरा डावीकडे सरकून प्रार्थना करा बघू."

"देवानं मला इथंच उभं केलंय!"

"सरका हो भाऊ," ओमाबाई म्हणाल्या, "देव काय डावीकडे नाही?"

लोक हसले. भाऊ सरकले, डावीकडे जीव तोडून नाचले. कॅनरमधून फुस्स आवाज आला आणि काटा शून्यावर लोळला. वेल्मा भाऊंनी सोडलेल्या फळीवर चढली, पाय आपटू लागली. काटा टुणटुण चढला.

"अगं बाई," ओमाबाई किंचाळल्या, "चर्चला न येणाऱ्या हिच्यावर कसली देवाची कृपा!"

त्यांनीच फळी उचकटली. खाली सायकलचा पंप. त्याची नळी टेबलाच्या पायामागून वर, कॅनरच्या बुडात. भाऊ ट्रककडे पळाले, पण ट्रकात आपापला कॅनर शोधत बायका आधीच चढल्या होत्या.

देवाचं नाव खुशाल घ्या, बायांनो. पण हवेनं काटा हलतो, शेंगा शिजत नाहीत. त्यातलं विष मारायला खरी, तापलेली वाफच लागते. रबर पाहा, काटा तपासा, आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याला आधी जरा बाजूला सरकायला सांगा.

ओमाबाई कॅनर काखेत मारून घरी निघाल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "लोणी उचललंस ना गं? चांगलं होतं."