डबा गाडीनं बांधला

मी कपड्यांची गाडी बोलतेय. सरकारी दवाखान्यातली, धुलाईघराची. तुमच्याकडून मला फार काही नको, घटकाभर थांबा. मला एका जागी उभं राहून बोलायची सवय नाही. उभी राहिले की जीव कासावीस होतो. चाकांचा जन्म, काय करणार!

माझं माहेर म्हणजे दवाखान्याच्या मागचं पत्र्याचं वर्कशॉप. मोडक्या खाटांच्या नळ्या कापून वेल्डरनं मला उभं केलं. म्हणजे आधी मी खाट होते. लोकांचं कण्हणं, कूस बदलणं, उशाशी बसून कुजबुजणं, सगळं माझ्या हाडात मुरलेलं. चार चाकं लावली, त्यातलं एक पहिल्या दिवसापासून तिरकं. "चालतंय," वेल्डर म्हणाला. पुढं हा शब्द मी साहेबलोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की तो मूळचा वेल्डरचा आहे हे मीच विसरून गेले.

सकाळी वॉर्डावॉर्डांतून मळक्या चादरींची गाठोडी गोळा करायची आणि उतारावरून खाली तळघरात धुलाईघरात न्यायची. दुपारी इस्त्रीच्या घड्या घेऊन वर. खालून वर स्वच्छ जायचं, वरून खाली मळकं यायचं. माणसांच्या बोलण्याचं मी वेगळंच पाहिलं. खाली असली की माणसं मोकळी, वर साहेबांपुढं गेली की डोक्यावरून चादर ओढून घेतल्यासारखी.

गाडीला कान असतात हे कुणाच्या गावीही नसतं, म्हणून मला सगळं कळायचं. "नळ जरा इकडं घेतला तर पाठ मोडायची नाही." "गाठोडी वॉर्डातच झटकून बांधली तर?" "या मशिनच्या तोंडाशी कठडा हवा बाई, एक दिवस कुणाची तरी बाही जायची आत." असं दिवसभर चालायचं. मुकादमाचे बूट वाजले की सगळं चिडीचूप. मशिनसुद्धा दबकत फिरतंय असं वाटायचं.

सूचनांची पेटी होती हो, नाही कशी! मुकादमाच्या खुर्चीच्या बरोबर डोक्यावर ठोकलेली, किल्ली मुकादमाच्या खिशात. तिच्यात तो आपला कंगवा ठेवायचा.

आणि माणसं गप्प का, तर इस्त्रीवाल्या काकांमुळे. भर मीटिंगमध्ये काका उठून म्हणाले होते, "साहेब, वाफेच्या नळीला काहीतरी गुंडाळून द्या, पोरींचे हात भाजतात." तेव्हाचे साहेब हसले. "उत्तम सूचना," म्हणाले. आठवडा उलटायच्या आत काकांची बदली शवागाराच्या दारावर. नळी उघडी ती उघडीच. जाताना काकांनी माझ्या दांडीवर हात ठेवला. "बरंय," म्हणाले, "तिथं कुणी सूचना करत नाही." सगळे हसले, आणि त्या दिवसापासून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

आता ज्यांची गोष्ट, त्या दोघी. नणंद आणि भावजय. नणंद जुनी, नोकरीत कायम, जिभेला धार. भावजय तिच्याच ओळखीनं रोजंदारीवर लागलेली. तिला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता, आणि घरची चूल त्या कागदाकडं डोळे लावून बसलेली. नणंद तिला वहिनी म्हणायची, म्हणून अख्खं धुलाईघर वहिनी म्हणायला लागलं. मुकादमसुद्धा.

"वहिनी, चादर पिळतेयस की तिचे लाड करतेयस?"

"वन्सं, तुमच्या भावाला सरळ करता करता हातातला जोर गेला माझ्या."

असं त्यांचं चालायचं.

एका सकाळी वहिनीनं माझ्यातलं गाठोडं उचललं आणि "स्स" केलं. चादरीत विसरलेली इंजेक्शनची सुई हातमोज्यातून आरपार. सुईच्या टोकाला कुणाचं तरी सुकलेलं रक्त. तिनं माझा कठडा घट्ट धरला.

"बघू," नणंद म्हणाली.

"काही नाही. टाचणी आहे."

"ही टाचणी? चल वर! असं टोचलं की दुसऱ्याच्या रक्तातला रोग लागू नये म्हणून लगेच गोळ्या सुरू करतात. उशीर झाला की उपयोग नाही. सिस्टरच बोलत होत्या."

"वर जायला मुकादमाची सही लागते."

"मग घे."

"आणि तो काय लिहितो? हलगर्जीपणा! माझा कागद टेबलावर आहे, वन्सं. तेवढ्या एका शब्दावर परत आला तर?"

"आणि तुलाच काही झालं तर? माझ्या भावाला काय सांगू, बायको गेली पण कागद आला म्हणून?"

वहिनीनं नळ सोडला. बोट नळाखाली धरून उभी राहिली. रक्त थांबलं तरी नळ बंद करेना.

दिवसभर ती कुणाच्या जवळ गेली नाही. चहाचा कप वेगळा ठेवला. निघताना नणंदेला म्हणाली, "आज पोरीची वेणी तुम्ही घाला."

"का गं?"

"असंच."



दुसऱ्या दिवशी नणंद आली ती डोळे तांबारलेली. साबणाचा रिकामा पत्र्याचा डबा उचलला, तारेनं माझ्या दांडीला आवळला, आणि कालची सुई आत टाकली. टण्ण! घड्या घालणारी बाई ते बघत होती. तिनं बॉयलरमागं हात घातला, एक चिंधी काढली. चिंधीत सुई. टण्ण! मग पिळण्याच्या मशिनवाल्या दादानं खिडकीच्या फळीवरची डबी आणून उपडी केली. काय सांगू, प्रत्येकाची लपवायची आपापली जागा होती! सुई टाकून द्यायची तर मिळाली कुठं ते सांगावं लागायचं, सांगितलं की वॉर्डाचं नाव घ्यावं लागायचं, आणि नाव घेतलं की शवागाराचं दार.

मी वॉर्डातून परत आले ती खुळखुळत. मुकादम उठून आला.

"हा डबा कुणी बांधला?"

"गाडीनं," नणंद म्हणाली.

"कुणी?"

"गाडीनं. आम्ही आलो तेव्हा बांधलेलाच होता."

"गाडीनंच," घडीवाली म्हणाली.

"मी डोळ्यांनी पाहिलं ना," दादा म्हणाला, "आधी तार घेतली, मग डबा."

"मस्करी करता? वहिनी, तू सांग."

वहिनीचा चेहरा चादरीसारखा पांढरा. "गाडीनं," ती म्हणाली, इतकं हळू की मला वाटलं मलाच सांगतेय.

अहो, इतका मान मला जन्मात कुणी दिला नव्हता! पण चाकं लटपटली हेही खरं. आता माझी बदली कुठं?

मुकादमानं स्वतः मला उतारावरून वर रेटलं. तिरकं चाक त्याला सारखं भिंतीकडं ओढत होतं आणि तो सगळ्या धुलाईघराला शिव्या घालत होता. वर नव्या अधीक्षक बाई होत्या, येऊन फार दिवस झाले नव्हते. मुकादमानं तक्रार मांडली. कामगारांनी संगनमत केलंय, वॉर्डांची बदनामी चालवलीय, वर तोंड करून सांगतात की डबा गाडीनं बांधला.

बाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"यातली कुणाला टोचली?"

"कुणालाच नाही, मॅडम. तशी एकही तक्रार नाही."

"इतक्या सुया, आणि कुणालाच नाही?"

बाई उठल्या आणि माझ्या मागोमाग तळघरात आल्या. सगळे उभे राहिले, हात मागं.

"डबा कुणी बांधला ते मी विचारणार नाही," बाई म्हणाल्या. "ज्यांना सुई टोचली असेल त्यांनी सरळ वर जायचं. कुणाची सही नको, कुठं नोंद होणार नाही. कोण आहे?"

कुणी हललं नाही. कसं हलणार? पुढं पाऊल टाकणारा सगळ्यांना दिसणार, बाईंना आणि मुकादमालाही. वहिनीनं बोट मुठीत आवळलं. माझा जीव नुसता वर-खाली. बोल गं बाई, वेळ चाललाय! पण तिच्या डोळ्यांपुढं तो कागद होता.

बाईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी एकेका चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकलंच माझं. असं नको. सगळे चला. अख्ख्या धुलाईघराची तपासणी, आत्ता. मशिनं बंद करा. मुकादम, पुढं तुम्ही."

"मी? मला कशाला, मॅडम?"

"पुढं व्हा."

सगळे निघाले. घोळक्याच्या मधोमध वहिनी, तिच्या पाठीवर नणंदेचा हात. उताराच्या तोंडाशी मुकादम थबकला. अंगठा चोळत, कुणाकडं न बघता म्हणाला, "मला मागच्या महिन्यात टोचली होती. गाडीतलंच गाठोडं सारताना." इतके दिवस मला वाटायचं, भीती फक्त खाली आहे आणि हा तिचा मालक. त्याच्याही डोक्यावर कुणी बसलेलं असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

वहिनीच्या गोळ्या त्या दिवशीच सुरू झाल्या. महिनाभर बिचारीला मळमळायचं, तशीच पिळत राहायची. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. शेवटचा निकाल घेऊन आली तेव्हा माझ्या कठड्यावर डोकं टेकून रडली. निकाल चांगला होता. मुकादमाचाही चांगलाच आला. कागदही आला, तिच्याबरोबर लागलेल्या सगळ्यांचा आला. वॉर्डात सुयांसाठी जाड पेट्या आल्या, गाठोडी झटकून बांधायला लागले. काही सिस्टर फुगून बसल्या होत्या, त्याही हळूहळू निवळल्या. प्रत्येक गाडीला डबा बांधला, आणि कुणी काय टाकलं हे विचारायचं नाही असं ठरलं.

म्हणजे सगळं छान झालं? मला नाही तसं वाटत. बाईंची बदली झाली. बढतीवर, म्हणतात. नवे साहेब आले. माझं तिरकं चाक शेवटी तुटलं, म्हणून मला मीटिंगच्या खोलीबाहेर भिंतीला लावून उभी केलीय. माझ्यात झाडू ठेवतात. उभ्या उभ्या नुसती तगमग होते.

तुम्हीही कुठंतरी खुर्चीवर बसत असाल. तुमच्यापुढं कुणी चाचरत उभं राहिलं तर आधी त्याचं बोलणं ऐका. तो कुठला, कुणाचा, त्याला कुणी पाठवलं, हे मागाहून. एवढंच मागायचं होतं.

काल मीटिंग होती. दार अर्धवट उघडं. वहिनीचा आवाज ऐकला आणि माझ्या नळ्या ताठ झाल्या. "साहेब, उतारावर पाणी साचतं. गाडीसकट माणूस घसरतो. तिथं जाळी बसवली तर—"

"हे तुम्हाला कुणी बोलायला लावलं?" नवे साहेब.

आत सगळं शांत झालं. ती शांतता मला ओळखीची होती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मुकादम. "कुणी नाही, साहेब. आमच्याकडं बोलतात."

"असं होय," साहेब म्हणाले. त्या "असं होय"चा अर्थ मला अजून लागलेला नाही. "ठीक आहे. बसा."

वहिनी बसली नाही.

"अजून एक आहे," ती म्हणाली.