पापणी हलत नाही

पडद्यावर जे दिसते ते दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी शब्दांत मांडायचे, आणि तेवढेच मांडायचे, हा तिचा व्यवसाय. त्याआधी बारा वर्षे तिने पदार्थविज्ञान शिकवले होते; निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ झाली की तिच्या कपाळावरची शीर उडू लागे. त्या सकाळी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ती चांगलीच उडत होती.

चित्रपट काळोखा होता आणि तिला मनापासून आवडलेला. भविष्यातले एक विझत चाललेले शहर, त्यात खुनाचा माग काढणारा एक गुप्तहेर. आणि आपण माणूस आहोत की यंत्र, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. शेवटच्या दृश्यात तो मेणबत्तीवर तळहात धरतो. तिने लिहिले होते, "अकरा सेकंद. पापणी हलत नाही." संपादकांनी ते खोडून वर लिहिले होते, "तो यंत्र असल्याचे सिद्ध होते."

"सिद्ध?" तिने कागद टेबलावर आपटला. "एका निरीक्षणावरून? साहेब, नसा निकामी झालेला माणूसही हात मागे घेत नाही. दिग्दर्शकानं दोन तास राखून ठेवलेला प्रश्न तुम्ही एका ओळीत निकालात काढलात!"

"मॅडम, ह्या लोकांना उगाच गोंधळात कशाला टाकायचं?"

"ह्या लोकांपैकी एक इथंच बसलाय," कोपऱ्यातून तिचा दादा म्हणाला. जन्मांध दादा ही वर्णने तयार करणाऱ्या संस्थेचा परीक्षक-श्रोता होता. त्याच्या मंजुरीशिवाय कोणतेही वर्णन बाहेर जात नसे, बहिणीचेसुद्धा. "दोन तास त्या गुप्तहेरामागं मी पायपीट करायची आणि शेवटी तुम्ही माझ्या हातात निकालपत्र ठेवायचं? त्यापेक्षा घरी बातम्या ऐकल्या असत्या. नामंजूर."

संपादकांचा चेहरा पडला. "मग मॅडमचंच ठेवू?"

"थांबा. आधी वर्णन बंद करून ते दृश्य लावा."

वात तडतडली. बाकी शांतता. दादाने मान किंचित कलती केली.

"श्वास रोखलाय त्यानं. शेवटी एकदम सुटला, ऐकलात? मला तर माणूसच वाटतो. आणि मास्तरीणबाई, तुमची पापणीची ओळ नेमकी त्या श्वासावर येऊन बसलीय, तो ऐकूच येत नाही."

ते दृश्य तिने एकोणीस वेळा, हातात घड्याळ धरून पाहिले होते. एकदाही ऐकले नव्हते. तिने पुन्हा लावले. श्वास होता. आता रागवायचे तर स्वतःखेरीज कोणी उरले नव्हते.

"श्वास रोखायला यंत्रालाही शिकवता येतं," ती तरीही म्हणाली.

"येत असेल. ते मला ठरवू दे ना."

तिने संपादकांची ओळ इतक्या जोराने खोडली की कागद फाटला. मग स्वतःचीही खोडली. दृश्याच्या आरंभी लिहिले, "तळहात ज्योतीवर." श्वास सुटल्यानंतर, "पापणी हललेली नाही." आणि या दोहोंच्या मध्ये, ध्वनिमुद्रणात वर्णन वाचणाऱ्यासाठी, लाल शाईत: "अकरा सेकंद कोणीही बोलायचे नाही."