बारा मिनिटं पुढे

मोनिकाच्या नावापुढे त्या महिन्यातला तिसरा लेटमार्क पडला. महाळुंग्याच्या त्या कारखान्यात ट्रेनीला तीन लेटमार्क म्हणजे घरचा रस्ता. तिला कामावरून कमी केल्याचं पत्र टाइप करायचं काम विजयश्रीबाईंकडे आलं. पिंपरीतल्या जुन्या कंपनीच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या बाई निवृत्तीनंतर इथे अर्धवेळ बसत.

पत्राआधी त्यांनी हजेरीच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. नऊ बावीस. मोबाइलवर नऊ दहा.

"अनिशसाहेब, हे बारा मिनिटं पुढे आहे."

"मीच ठेवलंय, मॅडम," एचआरचे अनिशसाहेब कौतुकाने म्हणाले. "आमच्या घरीपण घड्याळ पुढेच असतं. माणसं वेळेत निघतात. आधी पाच मिनिटं केलं होतं, पण लोक ती वजा करून यायला लागले. म्हणून बारा."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. एवढा शिकलेला माणूस, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरची युक्ती चारशे माणसांच्या हजेरीला लावून बसला होता. जुन्या कंपनीतले मॅट्रिकपर्यंत शिकलेले साहेब रोज रेडिओच्या ठोक्यांवर भोंग्याचं घड्याळ लावून घेत. काळेवाडीतल्या बायका त्या भोंग्यावर कुकर चढवत.

"सगळ्यांना ठाऊक आहे ते," साहेब म्हणाले.

"मोनिकाला कुणी सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? चार दिवसांत कळतं माणसाला."

"कॉम्प्युटर इंटरनेटवरून खरी वेळ आपोआप घेतो. तुम्ही मुद्दाम ते बंद केलंत. फुकट मिळणारी खरी वेळ नको म्हणणारा साहेब मी आज पाहिला."

"मॅडम, पत्र तेवढं करा."

"करते की. कारण लिहिते, मोनिका सातच्या पाळीला तिन्ही दिवशी वेळेत आली. आज सहा छप्पन्नला आली, तेव्हा घड्याळात सात वाजून आठ मिनिटं झाली होती, कारण एचआरने घड्याळ पुढे केलं होतं. खाली सही तुमची."

साहेबांचा चेहरा उतरला. ते पत्र वरच्या साहेबांपुढे जाणार होतं. त्यांनी माउस ओढून आपोआप वेळेचं बटण चालू केलं. घड्याळ बारा मिनिटं मागे आलं. मग बाईंनी पुढे सरकवलेल्या कागदावर त्यांनी तिन्ही लेटमार्क रद्द केल्याची सही केली.

मोनिका गेटजवळच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"जा कामावर," बाई म्हणाल्या. "लेटमार्क गेले."

ती उठली, पण हलली नाही.

"काकू, उद्या किती वाजता येऊ?"

"सात वाजता."

"कुणाच्या सातला?"

बाईंनी तिच्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं.